कळेल अशा मराठीत: केडगावच्या बायांनी छापलेलं बायबल



जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्या-पणज्या कुठल्या शाळेत शिकल्या नव्हत्या. दळता दळता त्या विठ्ठलाशी बोलायच्या, माहेरची आठवण काढायच्या, सासरचं गाऱ्हाणं मांडायच्या. देवाला अरे-तुरे केलेलं चालायचं, कारण बोली घरची होती. पण त्याच बाया संस्कृत पोथी ऐकायला बसल्या, की हात जोडून नुसतं ऐकायच्या. अर्थ कळला नाही तरी कानावर पडलं म्हणजे पुण्य लागतं, असं त्यांना सांगितलेलं असायचं.

पुण्य लागत असेलही. पण धीर? रात्री झोप येत नाही, घरात दाणा नाही, कुंकू पुसलं गेलंय, तेव्हा माणसाला धीर लागतो. आणि धीराचे शब्द कळले नाहीत, तर त्यांचा उपयोग काय? आज आम्ही याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट एका पुस्तकाची आहे. शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या केडगावात, पंडिता रमाबाईंनी मराठीत आणलेलं आणि आश्रमातल्या बायांनी आपल्या हातांनी छापलेलं बायबल. आपल्यातल्या काही जणी ख्रिस्ती आहेत, बऱ्याच जणी नाहीत. कुणी काय मानावं हे सांगायला आम्ही आलेलो नाही. बायांना कळेल असं लिहायचं म्हणजे काय करावं लागतं, ते या गोष्टीतून दिसतं, म्हणून ती सांगायची.

आधी थोडं मागे जाऊ. देवाधर्माची मोठी वचनं लोकांच्या भाषेत आणायची, ही खटपट आपल्या मातीत जुनी आहे. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठी ओवीत सांगितला. पैठणच्या एकनाथांनी भागवत मराठीत आणलं, तेव्हा त्यांना विरोधही सोसावा लागला. जनाबाईंनी दळण-कांडणाच्या शब्दांत देव उभा केला. तेव्हा मराठीत देव बोलतो का, हा प्रश्न इथल्या लोकांनी कधीच सोडवला होता.

बायबल मराठीच्या जवळ आलं ते गोव्यात. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्यानं इथली भाषा शिकून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं हे पुराण १६१६ साली राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात येशूची कथा आहे, पण चाल आपल्या ओवीची. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती. त्यांच्या जागी ऐकायला आपल्या भाषेतलं काहीतरी हवं, अशी त्यांचीच मागणी होती. पण गोव्यातली ही गोष्ट निव्वळ गोड नाही. त्याच राजवटीत देवळं पाडली गेली, इथल्या भाषेतली पुस्तकं जाळली गेली. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारनं फर्मानच काढलं, की लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागावं. एका हातानं ओवी दिली आणि दुसऱ्या हातानं बोलीच काढून घ्यायला निघाले. भाषा कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे इंग्रजांच्या काळात बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं बायबलच्या मराठी भाषांतराला हात घातला. तिथून १८११ साली नवा करार मोडी लिपीत छापून निघाला. मुंबईत १८१३ पासून अमेरिकन मिशनरी आले. त्यांनी छापखाना घातला, भाषांतरं केली आणि १८२६ साली नवा करार नागरी अक्षरांत छापला. १८४७ पर्यंत पूर्ण बायबल मराठीत झालं होतं.

इथे 'करार' हा शब्द जरा थांबून पाहू. जमिनीचा करार, बचत गटाच्या कर्जाचा करार, हे आपल्याला माहीत आहे. करार म्हणजे दोघांमध्ये ठरलेला शब्द. बायबलचे दोन भाग आहेत, जुना करार आणि नवा करार. जुना मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिलेला आणि नवा ग्रीक भाषेत. ख्रिस्ती माणसं मानतात, की त्यात देवानं माणसाला दिलेला शब्द आहे. आता कराराचा कागद समोर ठेवला आणि त्यातलं आपल्याला काही कळलंच नाही, तर तो करार आपला कसा म्हणायचा? सही करणारी जाणते ना, न समजता अंगठा टेकवण्यात काय धोका असतो!

मराठी बायबल तर आलं. पण ते आणणारे बहुतेक परदेशी होते, आणि त्यांना मदत करणारे बहुधा शिकलेले शास्त्री-पंडित. त्यामुळे भाषेत संस्कृत शब्दांचा भरणा झाला. शिकलेल्या पुरुषाला ते समजायचं. पण शेतात राबणाऱ्या बाईला? १९०१ च्या जनगणनेत सगळ्या हिंदुस्थानात शंभर बायकांमागे एकसुद्धा बाई लिहिता-वाचता येणारी नव्हती. म्हणजे बायांसाठी पुस्तक वाचायचं नव्हतंच, ऐकायचं होतं. ऐकताना शब्द अडला, तर मागे वळून पाहता येत नाही. वाचणारी पुढे निघून जाते आणि आपण तिथेच राहतो. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हाला हे चांगलंच माहीत आहे.

आता रमाबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईनं संस्कृत शिकू नये असं सगळे म्हणत असताना त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. मग आईनं लेकीला शिकवलं. पहाटे, घरातली कामं सुरू होण्याआधी, आई रमेला उठवून पाठ घ्यायची. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगू लागलं. देवळात किंवा नदीकाठी बसून ते संस्कृतातून पुराण म्हणायचे. लोक यायचे, ऐकायचे, फुलं-पैसे-धान्य ठेवायचे आणि जायचे.

रमाबाईंनी नंतर स्वतःच लिहून ठेवलंय, की ते संस्कृताचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगत नसत. तशी गरजच मानलेली नव्हती. म्हणण्यानं म्हणणाऱ्याला पुण्य, ऐकण्यानं ऐकणाऱ्याला पुण्य. म्हणजे ज्या बाईनं पुढे बायकांना कळावं म्हणून जन्म वेचला, तिचं लहानपण न कळणारे शब्द बायकांच्या कानांवर घालण्यात गेलं होतं. समोर बसलेल्या बायांचे चेहरे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले असणार.

मग दुष्काळ आला. १८७० नंतरच्या त्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आजारी आईनं भाकरी मागितली, तेव्हा रमाबाई शेजारच्या एका बाईकडे तुकडा मागायला गेल्या. पण लाजेनं तोंडातून शब्दच फुटेना, नुसतं रडू आलं. हेही त्यांनीच लिहिलेलं आहे. अठरा हजार श्लोकांचं भागवत ज्यांना पाठ, त्यांना भाकरीचा एक शब्द बोलता येईना. उपाशी माणसाची भाषा कशी असते, हे त्या असं शिकल्या.

भाऊ श्रीनिवास आणि त्या हजारो मैल पायी हिंडून १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. एवढी विद्वान बाई आजवर पाहिली नव्हती म्हणाले. आता पुढची गोष्ट नीट ऐका. कलकत्त्यात काही ख्रिस्ती मंडळींनी रमाबाईंना बायबल भेट दिलं. कोणत्या भाषेतलं? संस्कृतातलं! पंडिता आहेत, तर संस्कृतच द्यावं, असा विचार. रमाबाईंनी ते उघडून पाहिलं. पण ते संस्कृत त्यांच्या ओळखीच्या पोथ्यांसारखं नव्हतं. सांगणंही निराळं. वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं त्यांना वाटलं आणि पुस्तक बाजूला पडलं.

१८८० साली त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. ते आसामकडच्या सिल्चर गावी राहू लागले. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली. लूकनं लिहिलेलं येशूचं चरित्र, बंगालीत. बंगाली ही त्यांची रोजच्या व्यवहाराची, संसाराची भाषा झाली होती. ही पुस्तिका मात्र त्यांनी आवडीनं वाचली. बाई तीच, विषयही तोच. जी भाषा विद्वत्तेची होती तिच्यात तो शिरला नाही, आणि जी भाषा स्वयंपाकघरात बोलत होत्या तिच्यातून तो आत गेला. आमच्या मते रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे आहे.

१८८२ साली नवरा पटकीनं गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा नावाची लहान लेक. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांना कमी ऐकू येऊ लागलं होतं म्हणून ते सोडावं लागलं. तिथेच त्यांनी लेकीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथे त्यांना बायबलमधली एक कथा कुणी सांगितली, तिचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. शोमरोन नावाच्या मुलुखातली एक बाई भर दुपारी एकटी विहिरीवर पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे होऊन गेलेले, लोक तिला नावं ठेवणारे. यहुदी लोक तिच्या लोकांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. आणि येशू, जो स्वतः यहुदी, तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बसून बोलतो. विहिरीवर कुणाचा घडा कुणाला चालत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावी लागते का?

१८८९ साली रमाबाई परत आल्या आणि मुंबईत त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. १८९३ साली मोठं वादळ उठलं. इथे मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप 'केसरी'सह अनेकांनी केला. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सुधारक मंडळीही बाहेर पडली. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बाईच्या हाती पुस्तक दिलं, की ते कोणतं पुस्तक आणि ते वाचून ती काय ठरवणार, हा वाद उठतोच. त्या वेळच्या लोकांचा राग आणि रमाबाईंची जिद्द, दोन्ही समजून घेतली पाहिजेत.

पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडून आणखी बाया आल्या. केडगावच्या 'मुक्ती' आश्रमात तेव्हा जवळपास दोन हजार जणी होत्या. विधवा, टाकलेल्या, अनाथ, अंध, फसवल्या गेलेल्या. कुणी ब्राह्मण, कुणी कुणबी, कुणी भिल्ल. शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभतं, शिवणकाम, छापखाना, सगळं बायांच्या हाती. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवत.

आता विचार करा, या बायांसमोर बायबलमधली कोणती वचनं येत होती. देव पोरक्यांचा बाप आहे आणि विधवांचा कैवारी आहे. यशया नावाच्या संदेष्ट्याच्या तोंडी एक मोठा दिलासा आहे. जिला मूल झालं नाही, जिला नवऱ्यानं टाकलं, जी विधवा झाली, तिला सांगितलंय की घाबरू नकोस, तुझी लाज पुसली जाईल, विधवापणाचा कलंक तुला आठवणारसुद्धा नाही. आणखी एक कथा दुष्काळातली. सारफथ गावची एक विधवा. मडक्यात मूठभर पीठ आणि बुधलीत थोडं तेल. त्याची शेवटची भाकरी करायची, लेकासोबत खायची आणि मरायचं, असं ठरवून ती काटक्या गोळा करतेय. तिला सांगितलं जातं, की पाऊस पडेपर्यंत तुझ्या मडक्यातलं पीठ सरणार नाही. हे वचन दुष्काळातून आलेल्या बाईनं ऐकलं, तर तिला काय वाटलं असेल? पण कधी वाटेल? 'पीठ', 'मडकं', 'काटक्या' हे शब्द कानावर पडले तर. त्याऐवजी कुणी जड शब्द वापरले, तर ती गोष्ट दुसऱ्याच कुणाची होऊन जाते.

म्हणून १९०५ च्या सुमारास, सत्तेचाळिशीत आलेल्या रमाबाईंनी ठरवलं, की बायबल साध्या मराठीत पुन्हा आणायचं. तेही इंग्रजीवरून उचलून नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून. दोन हजार जणींचा संसार सांभाळत त्या या दोन्ही भाषा शिकल्या. हाताशी असलेल्या बायांनाही त्यातलं शिकवलं. मराठीतून हिब्रू शिकता यावं म्हणून व्याकरण तयार केलं. सोळा-सतरा वर्षं हे काम चाललं. आश्रमातल्या बाया खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या, पानं दुमडून शिवायच्या. यातल्या बऱ्याच जणींना आश्रमात येण्याआधी एक अक्षरही ओळखता येत नव्हतं.

खिळे जुळवणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगायला हवं. शिशाच्या बारक्या खिळ्याच्या टोकावर एकेक अक्षर उलटं कोरलेलं असायचं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, त्यामुळे शेकडो खिळे आणि त्यांचे शेकडो खण. एकेक खिळा उचलून ओळ लावायची, ओळींचं पान करायचं, पान छापलं की सगळे खिळे सुटे करून परत जागच्या जागी टाकायचे. बायबलची हजाराच्या वर पानं अशी लावायची. 'विधवा' हा शब्द ज्या बाईच्या कपाळी आला होता, तिनंच तो खिळ्यांनी जुळवला, आणि त्याच्या पुढचं वचनही जुळवलं. इतक्या जवळून एखादं वचन कुणाला भेटलं असेल!

साधी मराठी म्हणजे गरीब मराठी नव्हे. साधं लिहिणं अवघड असतं. एक उदाहरण आम्ही आमच्या मनानं घेतो, ते रमाबाईंच्या पुस्तकातलं नाही. 'शोकाकुलांचे सांत्वन होईल' असं म्हटलं, तर सभेतलं भाषण वाटतं. 'रडणाऱ्यांना धीर मिळेल' म्हटलं, तर शेजारीण पाठीवर हात ठेवतेय असं वाटतं. अर्थ एकच. पहिल्या वाक्यात बाई लांब उभी राहते, दुसऱ्यात ती आत येते. रमाबाईंना संस्कृत येत होतं म्हणूनच त्यांना कळत होतं की कुठला शब्द बाईला बाहेर ठेवतो. ज्यांना जड लिहिता येत होतं, त्यांनी जाणूनबुजून हलकं लिहिलं.

याच काळात नगर भागात आणखी एक जोडपं हेच करत होतं. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ती भजनं लिहिली, कीर्तनं केली. चर्चमध्ये परदेशी चालीऐवजी टाळ आणि अभंग आला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र इतक्या घरगुती मराठीत लिहिलं, की आजही वाचताना कुणी समोर बसून सांगतंय असं वाटतं.

रमाबाईंचे शेवटचे दिवस कठीण होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची, एकुलती एक लेक, आश्रमाचा उजवा हात. तरी रमाबाई छापखान्यातून येणारे कागद तपासतच होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. १९२४ साली पूर्ण बायबल बाहेर आलं. एका बाईनं एकटीनं अख्खं बायबल आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणं जगात मोजकीच आहेत. त्यातलं एक केडगावचं.

आता कुणी विचारेल, मग आज सगळ्या चर्चमध्ये तेच वाचतात का? नाही. मंडळ्यांमध्ये आधीपासून रुळलेलं बायबलच चालू राहिलं. रमाबाईंचं भाषांतर फारसं पसरलं नाही. मग एवढे कष्ट वाया गेले का? आम्हाला तसं वाटत नाही. एक तर, ज्या बायांसाठी ते होतं त्यांनी ते घडताना ऐकलं, जुळवलं, वाचलं. दुसरं, कळेल असं लिहा ही मागणी थांबली नाही. वसईकडच्या कॅथलिक बायांचंच बघा. त्यांच्या चर्चमधली मुख्य उपासना १९६०च्या दशकापर्यंत लॅटिन भाषेत चालायची. शेकडो वर्षं त्या बाया न कळणाऱ्या भाषेत गुडघे टेकत होत्या. रोममध्ये १९६२ ते ६५ या काळात चर्चची मोठी परिषद झाली, लोकांच्या भाषेला मोकळीक मिळाली आणि मग वसईत उपासना मराठीत आली. पुढे त्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' केलं. नावातच 'सुबोध' आहे, म्हणजे सहज कळणारं. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

बायबलमध्येच एक जुना प्रसंग आहे. परमुलुखात बंदी होऊन गेलेले लोक अनेक वर्षांनी आपल्या गावी परतले होते. चौकात सगळे जमले, पुरुष, बाया, समजू शकतील अशी पोरंही. एज्रा नावाच्या शास्त्र्यानं सकाळपासून दुपारपर्यंत धर्मग्रंथ वाचला. पण नुसता वाचला नाही. लोकांमध्ये माणसं फिरत होती, अर्थ फोड करून सांगत होती. अर्थ कळला तेव्हा लोक रडू लागले. मग त्यांना सांगितलं गेलं, आज रडू नका, गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याच्याकडे वाटा पाठवा. आम्हाला या गोष्टीत अर्थ सांगत फिरणारी ती माणसं महत्त्वाची वाटतात. त्यांच्याशिवाय ते नुसतं वाचन राहिलं असतं.

सख्यांनो, हे सगळं आपल्या गटाशी कुठे जोडलं जातं? आपल्यातल्या प्रत्येकीची घरची बोली प्रमाण मराठी नाही. कुणाच्या घरी अहिराणी आहे, कुणाच्या कोरकू, कुणाच्या गोंडी, कुणाच्या भिलोरी, कुणाच्या वऱ्हाडी. बैठकीत ठराव वाचला जातो, बँकेचा कागद येतो, दवाखान्यात डॉक्टर काही सांगतात, योजनेची घोषणा होते. त्या प्रत्येकात काहीतरी वचन असतं, काहीतरी आशा असते. पण जिला ते कळत नाही, ती मान हलवते आणि घरी जाते. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे आपण सगळ्या जाणतो, कारण कधी ना कधी आपण सगळ्यांनीच तशी मान हलवली आहे.

रमाबाईंनी सोळा वर्षं घातली. आपल्याला तेवढी घालायची नाहीत. पुढच्या बैठकीत एवढंच करून पाहू या. जो कागद वाचला जाईल, तो वाचून झाल्यावर एकीनं तो आपल्या घरच्या बोलीत पुन्हा सांगायचा. जिथे शब्द अडेल तिथे थांबायचं. कुणी अडवलं तर रागवायचं नाही. ज्यांच्या घरी पोथी, कुराण, बायबल, बुद्धवंदना, जे काही वाचलं जातं, त्यांनीही एखाद्या संध्याकाळी घरातल्या म्हातारीला विचारावं, की यातलं तुला काय कळलं? तिच्या शब्दांत सांग. ती जे सांगेल ते लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. त्यातलं काही आपण पुढच्या कार्यक्रमात तिच्याच बोलीत ऐकवू.

तोपर्यंत, नमस्कार.